कंपनीच्या स्टिरिओवर बाहेरचा ॲम्प: कुईं आवाज, प्रोटेक्ट लाइट, मधेच बंद पडणं परत परत होत असेल तर

कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवून बाहेरचा ॲम्प (आवाजाची ताकद वाढवणारा ॲम्प्लिफायर) बसवला की सुरुवातीला सगळं मस्त वाजतं, आणि मग कधीतरी रेस दिली की स्पीकरमधून कुईंऽऽ असा बारीक आवाज यायला लागतो, रेस वाढली की तोही चढतो, किंवा ॲम्पचा लाल प्रोटेक्ट लाइट लागतो आणि सगळं गप्प, गाडी बंद करून चालू केली की परत ठीक. मग कोणीतरी सांगतं नॉइज फिल्टर टाक, तो टाकला की थोडे दिवस बरं वाटतं आणि मग परत तेच. हे परत परत का होतं तर दरवेळी आपण आवाज दाबतो, तो कुठल्या वाटेने आत येतोय हे कोणी बघतच नाही.

ॲम्पकडे बाहेरून येतं काय काय? पॉवर आणि अर्थिंग, रिमोटची वायर (ॲम्पला चालू-बंद व्हायला सांगणारी), आणि सिग्नल. आणि त्यातून बाहेर जातात स्पीकरच्या वायरी. बास, एवढंच. त्यामुळे प्रॉब्लेम यातल्या कुठल्या वाटेवर आहे हे आधी ठरवायचं आणि ते ठरेपर्यंत एक रुपयाचंही सामान विकत घ्यायचं नाही, फक्त एक साधा डिजिटल मल्टिमीटर हवा आणि तीन-चार मीटर जादा वायर, म्हणजे मीटरची एक पिन बॉनेटमध्ये बॅटरीपर्यंत नेता येईल.

आधी कुईं आवाजाचं बघू कारण सगळ्यात जास्त लोक यातच अडकतात. ॲम्प बंद असताना त्याच्या इनपुटच्या आरसीए पिना (सिग्नल आणणाऱ्या गोल पिना) काढा (हाय लेव्हल इनपुट, म्हणजे स्पीकरच्या वायरीतून थेट घेतलेला सिग्नल, वापरत असाल तर तो प्लग काढा), मग ॲम्प चालू करा, इंजिन चालू करा आणि रेस देऊन ऐका. यात एक अडचण येते, बऱ्याच ॲम्पमध्ये हाय लेव्हलच्या प्लगवरूनच ॲम्प आपोआप चालू होतो, म्हणजे प्लग काढला की ॲम्पच बंद, तर तेवढ्यापुरती ॲम्पच्या प्लस टर्मिनलवरून रिमोट टर्मिनलला एक बारीक वायर १ ॲम्पिअरचा फ्यूज लावून जोडा आणि टेस्ट झाली की आठवणीने काढा, नाहीतर रात्रभर ॲम्प चालू राहून बॅटरी बसते.

इनपुट काढूनही आवाज येतोच आहे, तर तो पॉवर-अर्थिंगमधून किंवा ॲम्पच्या आतूनच येतोय. इनपुट काढल्यावर आवाज गेला तर लोक लगेच म्हणतात सिग्नलच्या वायरीत दोष आहे आणि नवीन महागडी आरसीए केबल आणतात, आणि इथेच फसतात. कारण ॲम्पची अर्थिंग खराब असेल तर स्टिरिओची अर्थिंग आणि ॲम्पची अर्थिंग यांच्यात थोड्या व्होल्टेजचा फरक पडतो, त्या फरकामुळे आरसीएच्या शील्डमधून (बाहेरच्या जाळीतून) करंट वाहतो आणि अल्टरनेटरचा रिपल, म्हणजे त्याच्या व्होल्टेजमधली थरथर, त्याबरोबर सिग्नलमध्ये शिरतो. आरसीए काढली की तो रस्ता तुटतो आणि आवाज जातो, पण दोष अर्थिंगचाच असतो. म्हणून टेस्टचं उत्तर काहीही येवो, अर्थिंग मोजायचीच.

आता मोजायची कशी, कारण बहुतेक जण इथे मीटर ओहमवर लावतात, ०.३ वगैरे बघतात आणि म्हणतात अर्थिंग चांगली आहे. ओहमवर काही कळत नाही, मीटरच्या पिना एकमेकींना टेकवल्या तरी ०.२-०.३ दाखवतो. इथे हिशोब बघा, जोड्यात फक्त ०.०२ ओहम रेझिस्टन्स असेल आणि ॲम्प ३० ॲम्पिअर ओढत असेल तर ०.६ व्होल्ट तिथेच पडतात, आणि ०.०२ ओहम साध्या मीटरला दिसतच नाही. म्हणून मीटर डीसी व्होल्टवर लावा, इंजिन चालू, हेडलाइट चालू, ब्लोअर फुल, गाणं मोठ्याने, आणि एक पिन ॲम्पच्या अर्थिंगच्या स्क्रूवर, दुसरी थेट बॅटरीच्या मायनसवर. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर उत्तम. ०.२ च्या वर गेलं तर शोधायला लागा, आणि अर्धा व्होल्ट दिसला तर दोष सापडलाच समजा.

मग तेच दोन तुकड्यांत मोजा. ॲम्पच्या अर्थिंगच्या स्क्रूपासून, ती वायर गाडीच्या बॉडीला ज्या बोल्टने आवळली आहे त्या बोल्टशेजारच्या उघड्या पत्र्यापर्यंत किती, आणि त्या पत्र्यापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत किती. पहिल्या तुकड्यात व्होल्टेज पडत असेल तर तुमची वायर, लग (वायरीच्या टोकाची भोकाची पट्टी) किंवा बोल्ट. दुसऱ्यात पडत असेल तर गाडीची स्वतःची बॅटरी ते बॉडी जाणारी पट्टी, ती जुन्या गाड्यांत गंजलेली असते, तिला समांतर एक जाड केबल टाकली की काम होतं.

पहिल्या तुकड्यातला दोष दिसतो कसा ते सांगतो. बोल्ट उघडा आणि लगच्या खाली बघा. पेंट तसाच असेल, नाहीतर पेंट नुसता ओरखडलेला असेल, म्हणजे लगची सपाट बाजू पत्र्याला लागलेलीच नाही, सगळा करंट बोल्टच्या आट्यांतून जात होता. नवीन असताना एवढंही पुरतं! मग गाडीच्या हादऱ्याने बोल्ट किंचित सैल होतो, दमट हवा शिरते, लगवर हिरवट पूड धरते आणि आवाज सुरू. तुम्ही परत बोल्ट आवळता, आट्या थोड्या घासल्या जातात, आवाज जातो, आणि थोड्या दिवसांनी परत येतो. हेच ते परत परत. नीट करायचं तर लगपेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाका, घट्ट आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून पेंट किंवा ग्रीस लावा म्हणजे गंज चढणार नाही. ग्रीस आधी लावू नका. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थिंग कधीच द्यायची नाही, तो बोल्ट जीव वाचवायला आहे. अर्थिंगची वायर पॉवरच्या वायरीएवढीच जाड हवी आणि लांबी जमेल तितकी कमी, अर्धा मीटरच्या आत असेल तर बरं. आणि बॅटरीच्या मायनसवर सेन्सर असलेली नवीन गाडी असेल तर बॅटरीच्या खांबावर थेट काही जोडू नका, सेन्सरच्या बॉडीकडच्या बाजूला जोडा, नाहीतर गाडीला बॅटरीचा हिशोब चुकीचा मिळतो.

वायरीचंही बघून घ्या. स्वस्त किटमध्ये वायर तांब्याची दिसते पण ब्लेडने एक तार खरवडली की आतून पांढरी निघते, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण साठ टक्केच करंट नीट नेतं, त्यामुळे तोच नंबर (जाडी सांगणारा गेज) असला तरी वायर बारीक पडते, पण मला त्याहून मोठी तक्रार दुसरी आहे, स्क्रूखाली दाबलेलं ॲल्युमिनियम हळूहळू दबत जातं आणि आज घट्ट केलेला स्क्रू काही महिन्यांनी सैल झालेला असतो. शुद्ध तांब्याची वायर घ्या असंच माझं स्पष्ट मत आहे, आणि ते जमणार नसेल तर निदान दोन गेज नंबर जाड घ्या, टोकाला फेरूल (धातूची छोटी टोपी) दाबा आणि अधूनमधून स्क्रू आवळत राहा.

अर्थिंग ०.१ च्या आत आली आणि तरी इनपुट जोडलं की आवाज येतोय, तर आता सिग्नल. कंपनीच्या स्टिरिओला मागे आरसीए नसतात, म्हणून आपण स्पीकरच्या वायरीतून सिग्नल घेतो, एकतर थेट ॲम्पच्या हाय लेव्हल इनपुटला नाहीतर मधे लाइन आउट कन्व्हर्टर (स्पीकरचा मोठा सिग्नल आरसीएसाठी लहान करणारा डबा) लावून. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, जवळपास सगळ्या कंपनी स्टिरिओत स्पीकरची मायनस वायर म्हणजे अर्थिंग नसते. प्लस आणि मायनस दोन्हींवर सिग्नल असतो आणि बहुतेकांत दोन्हींवर बॅटरीच्या साधारण निम्मं म्हणजे ६ ते ७ व्होल्ट डीसी असतं, मीटरची एक पिन बॉडीला आणि दुसरी स्पीकरच्या कुठल्याही वायरीला लावून बघा, दिसेल. म्हणून स्पीकरची मायनस बॉडीला लावायची नाही, डाव्या-उजव्याच्या मायनस एकत्र करायच्या नाहीत. तसं झालं तर आवाज येतो, स्टिरिओ गरम होतो, स्वतःला बंद करून घेतो, आणि नशीब वाईट असेल तर आतली आउटपुट आयसी जाते. काही स्वस्त कन्व्हर्टरमध्ये दोन्ही चॅनलची इनपुटची मायनस आतून एकच केलेली असते. स्टिरिओला जोडण्याआधी मीटर कंटिन्युइटीवर लावून दोन्ही इनपुट मायनसमध्ये बीप येतो का बघा, आला तर तो कन्व्हर्टर वापरू नका.

कन्व्हर्टर कुठे बसवताय यानेही फरक पडतो. बरेच जण तो स्टिरिओच्या मागे कोंबतात आणि तिथून डिकीपर्यंत लांब आरसीए ओढतात, मी उलटं सांगेन, स्पीकर लेव्हलचा सिग्नल लांब न्या आणि कन्व्हर्टर ॲम्पजवळ ठेवून आरसीए अगदी आखूड ठेवा, कारण स्पीकर लेव्हलला सिग्नल मोठा असतो आणि त्यावर बाहेरचा कचरा कमी चढतो. पॉवरची केबल गाडीच्या एका बाजूने, सिग्नल दुसऱ्या बाजूने, आणि ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात. इंजिन बंद, फक्त इग्निशन ऑन केलं की दोन-तीन सेकंद घूंऽऽ असा आवाज येऊन थांबत असेल तर फ्यूएल पंपाकडे बघा, तो बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखाली टाकीत असतो आणि लोक सिग्नलच्या वायरी बरोबर त्याच्यावरूनच नेतात. यूएसबी चार्जर, डॅशकॅम, एलईडी पट्ट्या, हे सगळं एकेक काढून ऐका, दोन मिनिटांचं काम आहे.

सळसळ आवाज, म्हणजे रेसशी संबंध नसलेला, तो बहुतेक वेळा गेन जास्त असल्याचा. गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही, स्टिरिओचा सिग्नल आणि ॲम्प यांचा मेळ घालायचा स्क्रू आहे. स्पीकर काढून ठेवा, ईक्यू (बास-ट्रेबलची सेटिंग) आणि बास बूस्ट शून्यावर, स्टिरिओचा व्हॉल्यूम पाऊण, ५० किंवा ६० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा (त्या वेळी हाय पास फिल्टर, म्हणजे खालचा बास अडवणारा, बंद), आणि ॲम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजत गेन हळूहळू वाढवा. किती व्होल्टवर थांबायचं? वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ४ ओहमवर ७५ वॉटचा चॅनल असेल तर ३०० चं वर्गमूळ, १७.३ व्होल्ट. ५० वॉट असेल तर १४.१. साधे मीटर ५०-६० हर्ट्झलाच बरोबर मोजतात म्हणून हा टोन. फिल्टर परत लावायला विसरू नका.

आता एक विचित्र लक्षण, आणि हे फक्त कंपनीच्या स्टिरिओबरोबरच दिसतं. काही सेकंद वाजतं आणि मग एखादा चॅनल गप्प होतो, किंवा टक-टक करतो, स्टिरिओ बंद-चालू केला की परत तेवढंच वाजतं. लोक ॲम्प बदलून बघतात, कन्व्हर्टर बदलून बघतात. होतं काय, काही गाड्यांचे स्टिरिओ आपल्या आउटपुटला स्पीकर जोडलाय का हे स्वतः तपासतात. तुम्ही मूळ स्पीकर तिथून काढून ॲम्पला जोडलेत, आता स्टिरिओला दिसतो फक्त कन्व्हर्टर ज्याचा रेझिस्टन्स स्पीकरच्या मानाने प्रचंड आहे, त्याला वाटतं स्पीकरची वायर तुटली आणि तो तो चॅनल बंद करतो. त्या चॅनलच्या प्लस-मायनसमध्ये ४७ ओहम, १० वॉटचा एक रेझिस्टर लावला की बऱ्याचदा सुटतं, किंवा ज्याच्यात हा लोड आतच दिलेला असतो असा कन्व्हर्टर घ्यायचा. रेझिस्टर गरम होतो, कार्पेटला किंवा फोमला चिकटवून ठेवू नका. फक्त सबवूफर वाढवला असेल आणि मूळ स्पीकर जागेवरच असतील तर हा प्रश्न येत नाही. आणि ज्या गाड्यांत कंपनीचाच वेगळा ॲम्प आहे आणि स्टिरिओपासून तिथपर्यंत सिग्नल फायबरमधून डिजिटल जातो, तिथे स्टिरिओच्या मागे स्पीकरची वायर शोधून उपयोग नाही, कंपनीच्या ॲम्पच्या आउटपुटवरूनच घ्यावा लागतो.

रिमोटचं थोडक्यात. गाणं हळू असताना ॲम्प बंद होतो आणि मोठं झालं की टक करून चालू, हे असेल तर तुमचा ॲम्प सिग्नल ओळखून चालू होणारा आहे आणि त्याला शांततेत वाटतं की स्टिरिओ बंद झाला. दुसरा प्रकार त्या ६-७ व्होल्ट डीसीवर चालू होतो, तो भरवशाचा आहे पण काही नव्या स्टिरिओंच्या आणि कंपनीच्या ॲम्पच्या आउटपुटवर ते डीसी नसतंच. दोन्हीवर खात्रीचा उपाय म्हणजे फ्यूज बॉक्समधून, चावी एसीसीवर (इंजिनशिवाय स्टिरिओ चालू होतो त्या जागी) असतानाच चालू होणाऱ्या फ्यूजवर टॅप लावून १ किंवा २ ॲम्पिअरच्या फ्यूजने वेगळी रिमोट वायर घेणं. एअरबॅग, एबीएस, इंजिन यांचे फ्यूज सोडून. मग गाडी लॉक करून थोड्या वेळाने मीटरने बघा, रिमोटवर व्होल्टेज गेलंय ना. बंद करताना ढप्प असा आवाज येत असेल तर स्टिरिओ बंद होण्याचा झटका ॲम्प अजून चालू असल्याने स्पीकरपर्यंत पोचतोय, अशा वेळी कन्व्हर्टरवर रिमोट आउट असेल तर तिथून घेतलेली वायर जास्त बरी चालते.

प्रोटेक्ट लाइट. ॲम्प बंद करून स्पीकरच्या सगळ्या वायरी आणि इनपुट काढा, फक्त पॉवर, अर्थिंग, रिमोट ठेवून चालू करा. लाल लाइट तरीही असेल आणि टर्मिनलवर १२ च्या वर व्होल्टेज नीट असेल तर ॲम्प दुरुस्तीला. लाइट गेला तर एकेक स्पीकर जोडत जा, ज्याला लाइट लागतो तो गुन्हेगार. स्पीकरच्या वायरी ॲम्पमधून काढलेल्या असतानाच प्रत्येक वायर ते बॉडी ओहमवर मोजा, कुठेही जोड दिसता कामा नये. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.८ दिसतो, ते बरोबर आहे, पण दोन व्हॉइस कॉइलचा सब (सबवूफर) चुकीचा जोडून १ किंवा २ ओहम झालाय आणि ॲम्प ब्रिजमध्ये (दोन चॅनल एकत्र करून) ४ ओहमच्या खाली चालत नाही, हे फार कॉमन आहे. लाइट फक्त दार उघडताना किंवा खड्ड्यात लागतो? मग दार आणि बॉडी यांच्यामधला रबरी बूट सोलून बघा, तिथे वायर दर वेळी वाकते आणि इन्सुलेशन घासून तांबं पत्र्याला टेकतं. ॲम्पच्या टर्मिनलपाशी एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकत नाही ना तेही टॉर्च मारून बघा.

बासच्या ठोक्यालाच बंद होत असेल तर व्होल्टेज. इंजिन चालू, गाणं मोठं, ॲम्पच्या प्लस-मायनसवर मोजा आणि लगेच बॅटरीवर मोजा. बॅटरीवर १३.८ आणि ॲम्पवर ११.५ असेल तर मधल्या प्लस केबलमध्ये नाहीतर फ्यूज होल्डरमध्ये सव्वादोन व्होल्ट जातायत (अर्थिंग आपण आधीच मोजली आहे). फ्यूज होल्डरला हात लावून बघा, नळीसारख्या काचेच्या फ्यूजचे होल्डर इथे फार दगा देतात, टोकाच्या टोप्या सैल बसतात, तापतात, प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडतं आणि फ्यूज मात्र शाबूत असतो म्हणून कोणाला संशय येत नाही. पट्टीचा, बोल्टने आवळायचा फ्यूज लावा, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, आणि रेटिंग केबलला झेपेल तेवढंच, कारण हा फ्यूज ॲम्पसाठी नाही, केबलला आग लागू नये म्हणून आहे. सतत उडतोय म्हणून मोठा टाकणं हा उपाय नाही, कृपा करून करू नका. आणि ॲम्प सीटखाली असेल आणि तासाभराने, उन्हातच बंद होत असेल तर त्याला हवा मिळत नाहीये, कार्पेट त्याच्यावर आलंय का बघा.

व्हॉल्यूम वाढवला की बास उलट कमी होतो, ही मात्र ॲम्पची तक्रार नाही. कंपनीचा स्टिरिओ आपले छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून मोठ्या आवाजाला स्वतःच बास कापतो, त्याला बास परत भरून काढणारा कन्व्हर्टर किंवा डीएसपी (सिग्नल सुधारणारा डिजिटल प्रोसेसर) लागतो, गेन वाढवून काही होत नाही. बास सगळ्याच व्हॉल्यूमला पातळ असेल तर आधी एखाद्या स्पीकरची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी नाही ना बघा. आणि सब लावल्यावर गाणं बंद असतानाही घुमल्यासारखं होत असेल तर गाडीत ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन आहे का विचारा, त्याचे छतातले माइक सबचा आवाज इंजिनचा समजून त्याला उलटा आवाज सोडत बसतात, ती सिस्टिम बंद करावी लागते.

राहता राहिला ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून सिग्नलच्या वायरीत फिरणारा करंट (लूप) तोडणारा डबा. त्यात छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि स्वस्तातले खालचा बास खातात, म्हणून सबच्या लाइनवर तो नको. पण आवाज फक्त फोन चार्जिंगला लावून ऑक्स वायरने गाणं लावल्यावरच येतो, चार्जर काढला की जातो, ब्लूटूथवर येतच नाही, असं असेल तर लूप चार्जर आणि ऑक्सच्या मधे आहे, ॲम्पच्या वायरींना हात लावायची गरज नाही, आयसोलेटर फोन आणि ऑक्सच्या मधे लावा.